वकील न होणाऱ्यांसाठी कायदा

(मंडळाच्या बडोदे येथील व्याख्यानमालेत केलेले भाषण)



मी कायदा शिकवतो, पण वकील तयार करत नाही. माझा वर्ग लिबरल आर्ट्‌सच्या पदवीचा. त्यात इतिहासाची मुले असतात, अर्थशास्त्राची असतात, साहित्याची असतात. सनद त्यातल्या बहुतेकांना घ्यायचीच नसते. पालक विचारतात, मग कायदा कशाला?

बडोद्यात तरी हा प्रश्न पडू नये. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले, ते कायदा शिकायला नव्हे. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र हे त्यांचे तिथले विषय. बॅरिस्टरी नंतरची, लंडनची.

आता वर्गातली एक गोष्ट सांगतो. सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल मी मुलांना दिला आणि त्यातली भाषांची व राज्याची नावे झाकून टाकली. एका राज्याने शाळांत आपली राजभाषा सक्तीची केली. तिथल्या भाषिक अल्पसंख्याकांनी घटनेच्या कलम ३० चा आधार घेतला : शाळा आमची, मग कोणती भाषा शिकवायची हे सरकार कसे ठरवणार? मुलांचे दोन पक्ष केले. आपल्याच समाजातला एक मुलगा अल्पसंख्याकांच्या बाजूने असा तावातावाने बोलला की मीही ऐकत राहिलो. शेवटी कागद उघडला. राज्य महाराष्ट्र, सक्तीची भाषा मराठी, तक्रार गुजराती भाषिकांची. निकाल २००४ चा, उषा मेहता खटल्याचा, आणि तो महाराष्ट्र सरकारच्या बाजूने लागलेला.

वर्ग हसला. तो मुलगा हसला नाही. तास संपल्यावर विचारतो, ‘‘सर, मग घरी आम्ही कोणती बाजू घ्यायची?’’

हा प्रश्न आपलाही आहे. अल्पसंख्याक कोण हे राज्यागणिक ठरते, असे टी. एम. ए. पै खटल्यात अकरा न्यायमूर्तींनी २००२ साली सांगितले. म्हणजे आमचे मुंबईतले चुलतभाऊ बहुसंख्य आणि आम्ही इथे अल्पसंख्य, आडनाव एकच! गुजरातनेही २०२३ साली शाळांत गुजराती सक्तीची करणारा कायदा केला. तेव्हा आपल्यापैकी काहींनी ‘कोर्टात जाऊ’ म्हटले होते. जाण्याआधी २००४ चा निकाल वाचलेला बरा.

दुसरे कलम ३५०-अ, १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे म्हणून राज्याने आणि स्थानिक संस्थांनी पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न करावा, असे ते सांगते. इतिहासाच्या मुलांनी हे कलम राज्यपुनर्रचनेशी जोडले. साहित्याची एक मुलगी मात्र ‘प्रयत्न’ या शब्दावर अडली. म्हणाली, प्रयत्न केला हे कोण मोजणार? अर्थशास्त्राच्या मुलाने लगेच सांगितले, नेमलेले शिक्षक मोजा, रिकाम्या जागा मोजा. नुसत्या कायद्याच्या वर्गात हे कलम पाच मिनिटांत संपले असते. आमचे तीन तास गेले, अभ्यासक्रम मागे पडला.

एक कडू गोष्टही सांगायला हवी. मुलाची मातृभाषा कोणती हे पालक ठरवतील आणि प्राथमिक शाळेत मातृभाषेचे माध्यम सरकारला लादता येणार नाही, असे घटनापीठाने २०१४ साली कर्नाटकच्या प्रकरणात म्हटले. ती निवड आपण आपल्या घरात केव्हाच करून टाकली आहे. माझी स्वतःची मुलगी इंग्रजी माध्यमात शिकली, तेव्हा बोट दुसऱ्याकडे दाखवत नाही.

त्या मुलाला मी उत्तर दिले नाही, काम दिले. त्याने आणि दोघी मैत्रिणींनी महापालिकेला द्यायच्या अर्जाचा मसुदा केला आहे. गुजराती नको असे त्यात कुठेही नाही. मराठी वर्गांना पुरेसे शिक्षक द्या, एवढीच कलम ३५०-अ खालची मागणी आहे. एका मैत्रिणीची मातृभाषा गुजराती आहे, आणि सर्वात नेमका परिच्छेद तिचाच. मसुदा मंडळाच्या कार्यालयात ठेवला आहे. सह्या करण्याआधी वाचा आणि चुका पेन्सिलीने समासात लिहा, मुले त्या दुरुस्त करतील.