स्टडी लीव्हचे दिवस

नोव्हेंबर तोंडावर आला आहे. इथे न्यूझीलंडमध्ये ज्यांच्या घरी इयर इलेव्हन ते थर्टीनमधली, म्हणजे शाळेच्या शेवटच्या तीन वर्षांतली, मुलं आहेत, त्यांच्याकडे एनसीईए या शालेय प्रमाणपत्राच्या वर्षअखेरच्या एक्स्टर्नल परीक्षांचं वारं एव्हाना सुरू झालं असेल. "दिवसभर खोलीत असतो, पण अभ्यास काही दिसत नाही," ही तक्रार या दिवसांत मी सारखी ऐकते. अशा मुलाला आळशी म्हणू नका, ही माझी पहिली विनंती. लक्ष लागावं यासाठी आधी सोय करावी लागते, आणि स्टडी लीव्हच्या, म्हणजे परीक्षेसाठी मिळणाऱ्या सुट्टीच्या, दिवसांत ती घरानेच करायची असते.

असं का म्हणते, ते सांगते. 2024 च्या दुसऱ्या सत्रापासून इथल्या शाळांत फोन दिवसभर बाजूला ठेवावा लागतो. शाळेत घंटा असते, शिक्षक असतात, शेजारी लिहिणारी मैत्रीण असते. मुलाचं लक्ष या सगळ्यांनी मिळून सांभाळलेलं असतं. स्टडी लीव्ह लागली की हे सगळं एका दिवसात संपतं. आईवडील सकाळीच कामावर जातात, आणि सोळा-सतरा वर्षांचं मूल फोन आणि लॅपटॉप घेऊन रिकाम्या घरात राहतं. अशा वेळी मोठ्या माणसाचंही मन थाऱ्यावर राहिलं नसतं.

मग सुरुवात कुठून करायची? मी मुलांना प्रश्नपत्रिकेपासूनच सुरुवात करायला सांगते. लेव्हल थ्रीचं, म्हणजे शेवटच्या वर्षाचं, कॅल्क्युलस घ्या. डिफरन्सिएशन सहा क्रेडिटचं, इंटिग्रेशन सहा, कॉम्प्लेक्स नंबर्स पाच. हे तिन्ही पेपर तीन तासांच्या एकाच बैठकीत लिहायचे, म्हणजे एकेका पेपरला साधारण तास. पेपरात तीन प्रश्न, प्रत्येक आठ गुणांचा. तेव्हा एका प्रश्नाला मिळतात वीस मिनिटं. अभ्यासाचं मापही तेवढंच धरा. एक प्रश्न, वीस मिनिटं, मध्ये उठायचं नाही. "आज चार तास बसेन" असा संकल्प दुपारी बारालाच मोडतो आणि मग उरलेला दिवस वाया जातो. वीस मिनिटं मात्र कुणालाही जमतात. एक प्रश्न झाला की पाणी प्यावं, अंगणात फेरी मारावी, आणि पुढचा घ्यावा. जुन्या प्रश्नपत्रिका आणि त्यांच्या तपासणीचे निकष परीक्षा घेणाऱ्या एनझेडक्यूएच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. त्या छापून घ्या. नोट्स लॅपटॉपवर, गप्पांचे ग्रुपही लॅपटॉपवर, मग नुसता फोन काढून घेऊन काय उपयोग? छापलेला कागद समोर असला की लॅपटॉप मिटता येतो.

फोन टेबलावर पालथा ठेवून भागत नाही, तो दुसऱ्या खोलीत हवा. एका कामातून मन दुसऱ्यात गेलं की पहिल्याचा काही अंश मागे रेंगाळतो, हे संशोधक सोफी लेरॉय यांनी 2009 मध्ये प्रयोगांतून दाखवलं. मैत्रिणीचा मेसेज वाचायला दहा सेकंद लागतात, पण तिला काय उत्तर द्यावं हा विचार पुढच्या गणितातही चालू राहतो. फोन हिसकावून मात्र घेऊ नका. कुठे ठेवायचा आणि परत कधी घ्यायचा, हे मुलालाच ठरवू द्या. स्वतः ठरवलेलं मुलं बऱ्यापैकी पाळतात.

लक्ष उडण्याचं आणखी एक कारण आहे, ते पालकांच्या ध्यानात येत नाही. तीच वही तिसऱ्यांदा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि मन आपोआप भरकटतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं. पण आठवड्यानंतर, उतारा वाचून मग न बघता आठवून लिहिणारे पुढे होते. म्हणून वही मिटा आणि कोऱ्या कागदावर लिहा. हात चालू असला की मन जागेवर राहतं.

"इंटर्नलचे क्रेडिट झालेत, आता एक्स्टर्नल कशाला?" शाळेतच होणाऱ्या इंटर्नल चाचण्यांवर निभावेल, हा विचारही मुलांच्या डोक्यात घोळत असतो. त्यावर रागावू नका. विद्यापीठ प्रवेशासाठी तीन मान्य विषयांत प्रत्येकी चौदा क्रेडिट लागतात. ते कुठे कमी पडताहेत, हे मुलाबरोबर बसून मोजा. आपण दहावी-बारावीच्या टक्क्यांवर वाढलो, त्यामुळे ही पद्धत आपल्यालाही शिकावी लागते. हिशोब मांडला की कुठला पेपर सोडून चालणार नाही हे मुलाला स्वतःलाच कळतं, आणि अभ्यासाला कारण मिळतं.

आता थोडं आपल्या माणसांबद्दल. नोव्हेंबरात आपण भारताच्या साडेसात तास पुढे असतो. पुण्यातली आत्या जेवणं उरकून दीड वाजता व्हिडिओ कॉल लावते, तेव्हा इथे रात्रीचे नऊ वाजलेले असतात. प्रेमानेच फोन येतो, पण "तयारी कशी चाललीय, किती टक्के पडतील" हे ऐकून मूल त्या रात्री पुन्हा वही उघडत नाही. महिनाभर हे फोन शनिवार-रविवारच्या दुपारी ठेवा, तिकडे सकाळ असते. दिवाळीचंही तसंच. 2023 मध्ये लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला, ऐन परीक्षांत आलं होतं. अशा वर्षी मुलाने पूजेला, फराळाला जरूर बसावं. चार घरच्या जेवणांना मात्र आपणच नाही म्हणावं.

आणि झोप. चौदा ते सतरा वयाला आठ ते दहा तास झोप हवी, असं इथल्या आरोग्य मंत्रालयाचंही सांगणं आहे. या दिवसांत ऑकलंडला आठपर्यंत उजेड असतो, अभ्यासाला बसायचं सुचतं नऊला, आणि रात्रीचे दोन वाजतात. सकाळचा पेपर साडेनऊला सुरू होतो. निदान पंधरा दिवस आधीपासून त्याच वेळी टेबलाशी बसायची सवय लावा.

एवढं करूनही काही मुलांचं लक्ष लागत नाही. लक्ष टिकण्याची अडचण लहानपणापासून असेल, तर परीक्षेत जादा वेळ किंवा वेगळी खोली मिळू शकते. त्यासाठीचा अर्ज शाळेमार्फत करायचा असतो, तोही वर्षाच्या सुरुवातीलाच. पण मूल जेवत नसेल, झोपत नसेल, आवडत्या गोष्टींतूनही मन काढून घेत असेल, तर अभ्यासाचा विषय बाजूला ठेवा. शाळेच्या समुपदेशकांना किंवा आपल्या डॉक्टरांना भेटा. 1737 या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही फुकट फोन करता येतो, मेसेजही करता येतो, आणि पलीकडे प्रशिक्षित माणूस असतो. हा क्रमांक आत्ताच लिहून घ्या आणि मुलालाही द्या: एक, सात, तीन, सात.