मौन म्हणजे संमती नव्हे

(मंडळाच्या गोवंडी येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या मंडळाची वर्गणी वाढवावयाची झाल्यास चिटणीस सभेची नोटीस काढतात, विषय सभेपुढे मांडतात, आणि हात वर झाल्यावाचून एक रुपयाही वाढत नाही. 'जो गप्प राहील त्यास वाढ मान्य आहे असे समजू', असे चिटणीस म्हणाले तर आपण त्यांस खाली बसवू. मग जे आपण चिटणीसास करू देत नाही, ते मोबाईलवर धंदा करणाऱ्या कंपन्यांस का करू द्यावे, हा आमच्या भाषणाचा विषय आहे.

प्रारंभीच एक कबुली देतो. 'वाचल्यावाचून सही करू नये' असे आम्ही उभ्या नोकरीत मुलांस शिकविले. परंतु गतवर्षी एका कंपनीचा इंग्रजी मजकूर आमच्या मोबाईलवर उमटला : अटी बदलल्या आहेत, सेवा चालू ठेवल्यास त्या मान्य समजल्या जातील. आम्ही मॅट्रिक, इंग्रजी अगदीच परके नव्हे. तरी दोन-तीन पानांत थकलो आणि बोट टेकविले. पुढील महिन्यात खात्यातून अधिक रक्कम गेली, तेव्हा डोळे उघडले.

न वाचता उठविलेली ही निशाणी महाराष्ट्रास नवी नाही. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांविरुद्ध उठले, तेव्हा त्यांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. निरक्षर कुळाने अंगठा उठविलेल्या कागदात काय लिहिले आहे, हे पुष्कळदा त्यास ठाऊकच नसे. म्हणून १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने असे दस्तऐवज ग्रामनिबंधकाच्या देखरेखीखाली लिहिले जावेत असे ठरविले. आज सावकार दिसत नाही, आणि ग्रामनिबंधकही नाही.

कायद्याचे मूळ मात्र शाबूत आहे. १८७२ च्या करार कायद्याचे कलम १३ सांगते की, उभय पक्षांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य करणे म्हणजे संमती. कलम ६२ प्रमाणे जुन्या कराराच्या जागी नवा करार आणणे, अथवा त्यात फेरफार करणे, हे उभयतांनी ठरवावयाचे असते.

व्हॉट्सॲपचे उदाहरण तर आपल्या घरोघरचे आहे. २०२१ साली त्या कंपनीने गोपनीयतेच्या नव्या अटी पुढे केल्या. त्या स्वीकारा, नाहीतर सेवा सोडा, असा तो प्रकार होता. भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटा कंपनीस २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला. अपील न्यायाधिकरणाने नोव्हेंबर २०२५ मध्ये तो कायम ठेवला. मात्र जाहिरातींसाठी माहिती देण्यावरील पाच वर्षांची बंदी उठविली.

कंपन्यांचीही बाजू आहे. कोट्यवधी ग्राहकांस प्रत्येक बारीक दुरुस्तीसाठी विचारणे अवघड, हे आम्हास मान्य आहे. पत्ता बदलला किंवा सोय वाढविली, तर सूचना पुरे. परंतु किंमत, जबाबदारी आणि आमची खाजगी माहिती यांना हात लावावयाचा असेल, तर स्पष्ट 'होय' घेतलेच पाहिजे. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनी आधीच खूण केलेले चौकोन खरेदीच्या संमतीसाठी वर्ज्य ठरविले आहेत. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमतीची विचारणा सोप्या भाषेत, आणि मागितल्यास मराठीतही, झाली पाहिजे. या तरतुदी टप्प्याटप्प्याने अंमलात यावयाच्या आहेत. तोवर स्वस्थ बसून चालणार नाही. कारण एकदा 'मान्य' म्हटले, की ते खोडून काढणे ग्राहकास जड जाते.

म्हणून तरुणांस आमची विनंती आहे. आपल्या चाळीतील वृद्धांच्या शेजारी घटकाभर बसा. बदललेली अट मराठीत वाचून दाखवा. जुन्या अटींची प्रत जपून ठेवा. अन्याय झाल्यास १९१५ या ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवा, आणि तेवढ्याने न भागल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. ग्रामनिबंधकाचे ते काम आता तुमचे आहे.

आम्ही आमच्या वतीने इतकेच करतो. दर रविवारी सकाळी मंडळाच्या खोलीत आम्ही चष्मा घेऊन बसू. ज्यास असा मजकूर आला असेल, त्याने बोट टेकविण्यापूर्वी यावे. एकटे असताना आम्ही थकलो. मिळून वाचू, तर थकणार नाही.