झोप आली, म्हणजे आजार गेला काय?



छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगरसारख्या दाट वस्तीत उत्तररात्री एखाद्या घरी दिवा दिसला, तर परीक्षेचा अभ्यास किंवा कारखान्याची पाळी असेल, असे आपण मानतो. परंतु क्वचित त्यामागे मनाचा आजारही असतो. पहाटे फार लवकर जाग येणे, पुन्हा डोळा न लागणे आणि दिवसभर कशातच रस न वाटणे, हे दोन आठवडे चालले तर ते नैराश्याचे लक्षण असू शकते.

या आजारावर औषधे आहेत. १९५७ साली रोलंड कून या स्विस डॉक्टरांनी इमिप्रामीनचा गुण जगापुढे मांडला. त्याच कुळातील अमिट्रिप्टिलीन आजही वापरात आहे. ते, तसेच मिर्टाझापीन, मेंदूला जागे ठेवणाऱ्या हिस्टामीन या द्रव्याचे कार्य रोखते. त्यामुळे गुंगी येते; म्हणून ही औषधे बहुधा रात्री देतात. उलट फ्लुओक्सेटिनने काहींची झोप उडते. ते सहसा सकाळी देतात.

घोटाळा होतो तो येथेच. झोप पहिल्या काही रात्रींतच सुधारू लागते. मन उभारी धरावयास मात्र दोन ते चार आठवडे, कधी अधिकही लागतात. रुग्णास वाटते, ही झोपेचीच गोळी. झोप आली, आता ती कशाला? दुसरा कोणी सकाळच्या सुस्तीला कंटाळून किंवा सवय जडेल या भीतीने ती सोडतो. अशाने आजार उलटण्याचा धोका असतो. वस्तुतः या औषधांचे व्यसन लागत नाही. मात्र ती एकाएकी बंद केल्यास त्रास होतो. बरे वाटल्यावरही सामान्यतः किमान सहा महिने ती चालू ठेवावी लागतात. सुस्ती असह्य झाल्यास डॉक्टरांना सांगावे. ते मात्रा, वेळ किंवा औषध बदलून देतात. मद्य वर्ज्य करावे. अमिट्रिप्टिलीनची जादा मात्रा हृदयास घातक ठरते. यास्तव गोळ्या घरातील जबाबदार व्यक्तीच्या ताब्यात असाव्यात.

शिक्षक व पंचायत सदस्य यांनी येथे पुढे यावे. अशा कुटुंबास 'वेड' हा शब्द ऐकवू नये. घाटी रुग्णालयातील मानसोपचार विभागाची वाट दाखवावी. २०२२ पासून 'टेलि-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य सल्ला मिळतो. हा क्रमांक शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहून ठेवावा, आणि उपचार घेणाऱ्यास महिन्याने आवर्जून विचारावे, "गोळ्या चालू आहेत ना?"