बडोद्याचा वड

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना वंदन करून मी दोन शब्द बोलतो. मी काही विद्वान नाही. सातवीपर्यंत शाळा, आणि पुढची शाळा गिरणीच्या रिंग खात्यात. तेव्हा चूकभूल पदरात घ्यावी. कमिटीने मला बोधिवृक्षावर बोला म्हणून सांगितलं होतं. त्यावर भन्तेजी माझ्यापेक्षा चांगलं बोलतील. मी एका वडाबद्दल सांगणार आहे. वडही आपल्याला परका नाही. ज्ञानप्राप्तीनंतर भगवंत उरुवेलेला अजपाल निग्रोधाखाली बसले होते, आणि निग्रोध म्हणजे वडच. पण मी म्हणतो तो वड बडोद्याचा.

२०१७ च्या सप्टेंबरात आम्ही वस्तीतले नऊजण रात्रीच्या गाडीने बडोद्याला गेलो. बाबासाहेबांच्या संकल्पाचा दिवस म्हणून आपण २३ सप्टेंबर १९१७ पाळतो, त्याला शंभर वर्षं होत होती. स्टेशनापासून सयाजीबाग जवळच, चालतच गेलो. विश्वामित्री नदीच्या काठी महाराज सयाजीराव गायकवाडांनी १८७९ साली ही बाग केली. जुनं नाव कामाठी बाग. तिथल्या वडाच्या जागेला आता संकल्पभूमी म्हणतात. पुढे २०२२ साली राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाने ही जागा राष्ट्रीय महत्त्वाचं स्मारक करावी अशी शिफारस केली. त्याच शिफारशीत साताऱ्याची शाळाही होती, जिथे १९०० साली बाबासाहेबांचं नाव पटावर लागलं.

वडापाशी ही गर्दी. म्हाताऱ्या बाया पारंब्यांना हात लावून तो हात डोळ्यांना लावत होत्या. ते पाहून माझाही ऊर भरून आला. पण काही जण पानं तोडून पाकिटात घालत होते, ते मला पटलं नाही. आज पान तोडतात, उद्या सूत गुंडाळतील, अशी भीती वाटते. ज्या वटपौर्णिमेतून आपण बाहेर आलो, तिथे परत जायचं नाही.

परतीच्या गाडीत आमच्यातल्या एका पोराने, कॉलेजात शिकतो, मला विचारलं, "काका, बाबासाहेबांनी ह्या झाडाबद्दल कुठे लिहिलंय?" मी चिडलो. म्हटलं, शिकलात म्हणून काहीही विचाराल काय? पण घरी आल्यावर चैन पडेना. शासनाच्या इंग्रजी ग्रंथमालेचा बारावा खंड, १९९३ चा, मिळवला. त्यात 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे बाबासाहेबांच्या आठवणींचं लिखाण आहे. मुलगी वाचायची, मी शब्दकोश घेऊन बसायचो. बडोद्याच्या भागाला आम्हाला चार रात्री लागल्या.

पोरगा खरं बोलत होता. त्यात वडाचा उल्लेख नाही, आणि संकल्पाचाही नाही. मग काय आहे?

बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब अमेरिकेत शिकले. तिथून लंडनला गेले. तिथलं शिक्षण अर्धवट टाकून १९१७ साली परत यावं लागलं, करारामुळे बडोद्यात नोकरी करणं भाग होतं. वय सव्वीस. नेमणूक अकाउंटंट जनरलच्या ऑफिसात. एवढा शिकलेला माणूस, पण राहायला खोली मिळेना. शेवटी पारशी धर्मशाळेत, पारशी नाव लावून, दिवसाला दीड रुपया देऊन राहिले. वरच्या मजल्यावर मोडक्या सामानाने भरलेला दिवाणखाना, वीज नाही, एक कंदील आणि वटवाघळं. दिवसभर ऑफिस, आणि रात्री तिथे एकटे.

अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी काठ्या घेऊन जिना चढून आले. संध्याकाळपर्यंत जागा सोड म्हणाले. बाबासाहेबांनी एक आठवडा मागितला, मिळाला नाही. एका हिंदू मित्राकडे गेले. तो म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा मित्र ख्रिस्ती, पण मूळचा ब्राह्मण. तो म्हणाला, बायको उद्या येईल, तिला विचारावं लागेल. मुंबईची गाडी रात्री नऊला. मधले पाच तास काढायचे कुठे? म्हणून त्यांनी कामाठी बाग गाठली.

त्या पाच तासांबद्दल ते जे लिहितात, ते ऐकून मुलगी वाचायची थांबली. मन कधी रिकामं, कधी दुःखाने भरलेलं, आणि आठवण येत होती ती आई-वडिलांची, निराधार झालेल्या लेकरांना येते तशी. मित्रांनो, आई तर त्यांच्या लहानपणीच गेली होती. वडील जाऊनही चार वर्षं झाली होती.

आता माझं सांगतो, कधी सांगितलेलं नाही. १९९३ साली लग्न झालं, मी तेव्हा बदली कामगार. एका चाळीत खोली ठरली, डिपॉझिट दिलं. ट्रंक आणि वळकटी घेऊन आम्ही दोघं दारात गेलो, तर घरमालकाने गाव विचारलं, मग आडनाव विचारलं. मग म्हणाला, खोली भाच्याला दिली. पैसे तिथल्या तिथे मोजून परत केले, त्यात काही खोट नव्हती. मेव्हण्याची पाळी सुटेपर्यंत आम्ही एका बागेत बसलो. बायको गप्प होती. मी तोंड फिरवून रडलो, आणि आईची आठवण काढून रडलो. पुढे मोर्चे काढले, भाषणं केली, पण त्या संध्याकाळची लाज मनात राहिली. कार्यकर्ता म्हणवतो आणि आईच्या नावाने रडतो, असं स्वतःला टोचत राहिलो. चोवीस वर्षांनी तो मजकूर ऐकला आणि बायकोला स्वयंपाकघरातून बोलावून पुन्हा वाचायला लावला. ती एवढंच म्हणाली, "मी पाहिलं होतं तुम्हाला."

म्हणून वड खोटा, असं मी म्हणत नाही. पाच तास बागेत बसणारा माणूस सावली बघूनच बसेल, मग तो हाच वड असेल असं लोक पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आले तर त्यात वावगं काय? पुढे महाड झालं, राज्यघटना झाली, नागपूर झालं, त्याची सुरुवात कुठेतरी दाखवावी असं लोकांना वाटतं. तक्रार माझी एवढीच आहे की व्यासपीठावरून आम्ही संकल्पाचं जोरात बोलतो आणि ते पाच तास गाळून टाकतो. अठरा वर्षांनीही तो काठ्यांचा प्रसंग आठवला की डोळ्यांत पाणी येतं, असं बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय.

आजही आपली मुलं शहरात खोली शोधतात. आडनाव विचारून फोन ठेवला जातो. मुलं घरी सांगत नाहीत, मी सांगितलं नव्हतं तसंच. गेल्या बैठकीत मी विहाराच्या मागच्या खोलीचा विषय काढला, कमिटीने मंजूर केला, त्याबद्दल आभार. तिथली जुनी खुर्च्या-टेबलं काढली आहेत. दोन गाद्या टाकल्या आहेत, दिवा आहे, पंखा आहे. कुणाचा मुलगा, कुणाची मुलगी, ओळखीची असो नसो, रात्री कितीही वाजता येऊ द्या. किल्ली माझ्याकडे असते, मी नसलो तर बायकोकडे.

जय भीम. नमो बुद्धाय.