घरीं केलेला गरुड



जव्हार-मोखाड्याकडील बोहाड्यांत देवतांचे मुखवटे आपणांपैकीं कित्येकांनीं पाहिले असतील. लांकडाचे वा कागदाच्या लगद्याचे ते मुखवटे सोंग घेणारा लीलया वागवितो. शाळेंतील मुलाची मान तेवढी तयार नसते. हें मला उशिरां उमगलें. एका स्नेहसंमेलनांत मीं केलेला लगद्याचा गरुड एका विद्यार्थ्याच्या डोळ्यांवरून घसरला आणि तो रंगमंचावरून खालीं पडला. हात मोडला. प्रेक्षकांना तें सोंगच वाटलें. टाळ्या चालूच होत्या.

यंदा नातीसाठीं पुन्हां गरुडच केला, पण फोमचा. जमिनीवर अंथरावयाच्या चटईचा दाट फोम पांच-सहा मिलिमीटर जाडीचा घ्यावा. आधीं कागदाचे तुकडे डोक्यावर बसवून पाहावे, मगच धारदार पात्यानें फोम कापावा. बोथट पातें कडा फाडतें. उष्ण हवेच्या झोतानें फोम मऊ होतो. तो वांकवून थंड होईतों धरला, कीं आकार टिकतो. हें काम वडील माणसानेंच करावें. मोच्याजवळ असतें तें सोल्यूशन दोन्ही कडांस लावून किंचित् सुकूं द्यावें, मग सांधा दाबावा. खिडक्या मात्र उघड्या हव्यात.

खरी अडचण चोंचीची. ती पायांखालची वाट झांकते. म्हणून मीं चोंच आंखूड केली व तिच्या दोहों बाजूंस खालीं पाहण्यास फटी ठेवल्या. श्वासासाठीं हनुवटीखालचा भाग उघडाच सोडला. गरुड थोडासा पोपटासारखा दिसतो, असें नात म्हणाली.

तो घालून तिनें जिना उतरून दाखविला. मीं खालच्या पायरीवर उभा होतों.