रिकाम्या टर्मिनलचा आकार कोणाच्या नावावर?



कापूस-ज्वारीवाल्याला गॅसच्या टर्मिनलशी काय देणेघेणे, असे कोणी विचारील. आपला युरिया गॅसपासून होतो. पेण तालुक्यात डोलवीला १९९४ पासून स्पंज आयर्न होते, तेही गॅसवर. देशातला गॅस पुरत नाही. म्हणून उणे १६२ अंशांना द्रव केलेला गॅस जहाजाने येतो आणि किनाऱ्यावरच्या टर्मिनलात त्याचा पुन्हा वायू होतो.

टर्मिनल म्हणजे जिनिंग समजा. जिनवाला म्हणतो, "वीस वर्षे तुमची जागा राखतो, कापूस आणा न आणा, आकार भरा." यात गैर नाही. हमीशिवाय एवढे भांडवल कोण घालील? प्रश्न आहे तो सही कोणाची आणि बिल कोणाला, हा.

दाभोळला विजेच्या बाबतीत हेच झाले. १९९३ च्या करारात वीज मंडळाने एन्रॉनच्या कंपनीला क्षमतेचा ठरीव आकार कबूल केला, वीज घेवो न घेवो. २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. तिथले गॅस टर्मिनल २०१३ मध्ये सुरू झाले, पण लाटा अडवणारा बांध अपुरा. वर्षानुवर्षे ते पावसाळ्यात बंद राही.

उलट, पेट्रोनेट कंपनीने कतारशी १९९९ मध्ये केलेला २५ वर्षांचा गॅसखरेदीचा करार, जगात भाव पडताच २०१५ मध्ये बदलून घेतला. कमी उचलीचा दंडही माफ झाला. कापसाचा भाव पडला तर आपले कर्ज कोण बदलून देतो?

म्हणून मागणी एवढीच: सरकारी संस्थेचा करार सहीआधी जाहीर करा, राखलेली रिकामी जागा दुसऱ्याला विकण्याची मुभा ठेवा, आणि रिकाम्या टर्मिनलचा आकार खताच्या अनुदानात घालून शेतकऱ्याच्या नावावर लिहू नका.