कोलकासची नोंदवही



मंडळाच्या कार्यकारिणीतून फोन आला तेव्हा आम्हाला वाटलं, नेहमीप्रमाणे प्रोजेक्टर लावायला बोलावताहेत. सॉफ्टवेअरवाल्यांची आठवण बहुतेक त्यासाठीच होते! पण या वेळी चक्क बोलायचं आहे म्हणाले. आजच्या कार्यक्रमातून जमणारा निधी मेळघाटातल्या वनमजुरांसाठी जाणार आहे. मग कोलकासबद्दल बोलायला आमच्याशिवाय कोण? आम्ही म्हणजे आम्ही दोघं भावंडं. ताई पुण्यात असते, त्यामुळे ती आज इथे नाही, पण हे भाषण आम्ही दोघांनी फोनवर मिळून लिहिलं आहे. चुका निघाल्या तर अर्ध्या तिच्या.

आमचं ऑफिस सित्र्यात. तिथल्या तेलाच्या टाक्या तुम्हा सगळ्यांच्या ओळखीच्या. पण सित्रा बेटाच्या दुसऱ्या अंगाला तुब्लीची खाडी आहे, तिकडे किती जण मुद्दाम गेलात? भराव घालून घालून ती बरीच आकसली, तरी तिवरांचा एक तुकडा टिकून आहे आणि १९९७ पासून ती रामसर यादीत आहे. थंडीत तिथे रोहित पक्षी येतात. एका शुक्रवारी मुलाला घेऊन गेलो, हातात वही दिली आणि म्हटलं, किती आहेत ते मोज. त्याने जरा वेळ पाहिलं आणि विचारलं, "बाबा, 'खूप' असं लिहू का?"

तिथे आम्हाला आमच्या बाबांची आठवण आली. 'खूप' हा शब्द त्यांनी वहीत चालू दिला नसता.

आमचे बाबा वनखात्यात वनपाल होते, आणि त्यांची बरीच नोकरी कोलकासला झाली. अमरावतीहून परतवाडा, तिथून धारणीच्या रस्त्याने घाट चढून सेमाडोह, आणि त्याच्या पुढे कोलकास. सिपना नदीचं एक झोकदार वळण आहे, त्याच्या वर उंचवट्यावर जुनं वन विश्रामगृह. 'सिपना' म्हणजे कोरकू भाषेत साग. नदीलाच झाडाचं नाव! आम्ही शाळेसाठी परतवाड्याला आजीकडे राहायचो आणि सुट्टी लागली की एसटीने कोलकासला.

हे जंगल सरकारने राखीव केलं ते १८६६ साली. तेव्हा वाघाशी कुणाला देणंघेणं नव्हतं, इंग्रजांचा डोळा सागावर होता. मग जंगलात ठिकठिकाणी बंगले बांधले गेले. साहेबाने एका मुक्कामाहून निघावं, वाटेत तोड, जाळरेषा, हद्दीचे बुरूज तपासावेत आणि रात्री पुढच्या मुक्कामाला पोचावं, असा त्यांचा हिशेब. बंगल्यात पलंग, कंदील आणि नोंदवही. लाकडाचा हिशेब ठेवायला सुरू झालेली ही वही पुढे जनावरांचा हिशेब ठेवू लागली. १९७३-७४ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा देशातल्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होतं.

लोकांना वाटतं, मेळघाटात गेलं की वाघ दिसतो. नाही दिसत. डोंगर, दऱ्या आणि गच्च साग, त्यात वाघ कुठला दिसायला! रानगवे दिसतात. पहाटे धुक्यातून कळप रस्ता ओलांडतो तेव्हा जीप बंद करून गप बसायचं. सांबर, भेकर, रानकुत्रे. मोहाची फुलं पडू लागली की अस्वलं. आणि रानपिंगळा. हा छोटासा घुबडाच्या जातीचा पक्षी १८८४ नंतर कुणा अभ्यासकाला दिसलाच नव्हता, संपला असंच धरून चालले होते. ११३ वर्षांनी, नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या साथीदारांना तो शहाद्याजवळ सापडला. पुढे मेळघाटातही सापडला. बाबांनी पेपरातलं ते कात्रण पाकिटात ठेवलं होतं, आणि दिवसाउजेडी पिंगळा दिसला की ते थांबून डोक्यावर ठिपके आहेत का ते बघायचे. साधा पिंगळा असेल तर डोकं ठिपक्याठिपक्यांचं. रानपिंगळ्याचं जवळपास कोरं. बहुतेक वेळा साधाच निघायचा. "साधा," म्हणायचे आणि पुढे चालायचे.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना वैशाखी पौर्णिमेच्या गणनेला बाबांनी आम्हा दोघांना मचाणावर बसवलं. खाली पाणवठा. सोबत एक कोरकू वनमजूर काका होते. बोलायचं नाही, खोकायचं नाही, ताईला डास चावले तरी हात उचलायचा नाही. रात्रभरात सांबरं आली, रानडुकरं आली, पिल्लाला पाठीवर घेऊन अस्वल आलं. पहाटे तीनच्या सुमाराला पलीकडे भेकर ओरडलं आणि पाणवठ्यावरचं सगळं सामसूम झालं. काकांनी नुसती भुवई उडवली. आम्ही तासभर डोळे फाडून बघत होतो. काही नाही आलं.

सकाळी फॉर्म भरताना आम्ही वाघाचा रकाना मोकळा सोडला. बाबा म्हणाले, "दिसला नाही तं शून्य लिहाचं. मोकळं ठेवलं म्हंजे तुम्ही पाह्यलंच नाही." भेकराचा आवाज तर ऐकला, असं ताई म्हणाली. तर ते म्हणाले, तो शेऱ्यात लिही.

आता आम्ही डेटाबेसवर पोट भरतो. 'नल' आणि शून्य यांतला फरक आम्हाला कॉलेजात सरांनी नंतर शिकवला, त्याआधी कोलकासला शिकून झाला होता. फरक बारीक नाही बरं का. राजस्थानात सरिस्काच्या जंगलात २००४ सालापर्यंत कागदावर पंधराच्या वर वाघ होते. पुढच्या वर्षी शोधलं तर एकही नव्हता. शिकाऱ्यांनी केव्हाच संपवले होते, वह्यांमध्ये मात्र जिवंत होते.

त्यानंतर मोजण्याची पद्धतच बदलली. पूर्वी पंजाच्या ठशावर काच ठेवून तो पेनने गिरवायचे. आता झाडांवर कॅमेरे बांधतात आणि अंगावरच्या पट्ट्यांवरून कॉम्प्युटर वाघ ओळखतो, कारण दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. २०१८ च्या गणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे होते. फोटो निघाले जवळपास साडेतीन कोटी, त्यांतले वाघाचे ७६,६५१. म्हणजे साडेचारशे फोटो चाळावेत तेव्हा एक वाघ. गस्तीसाठी एम-स्ट्राइप्स नावाची प्रणाली आली, वनरक्षक कुठून कुठे चालला ते मोबाइलमध्ये उमटतं. मेळघाटात २०१३ साली वाघाच्या शिकारीचं प्रकरण उघडकीस आलं, तेव्हा शिकाऱ्यांचे मोबाइल तपासायला तिथे सायबर सेलही उभा राहिला. आमच्या धंद्यातली माणसं जंगलाच्या कामी येतात हे ऐकून आमची छाती जरा फुगली होती.

पण कॅमेरा झाडावर चढतो तो कुणाच्या तरी हातांनी. त्याचे सेल बदलायला कुणीतरी चालत जातं. २० नोव्हेंबर २०२१ ची सकाळ. ताडोबाच्या कोलारा परिक्षेत्रात एक वनरक्षक बाई तीन वनमजुरांना घेऊन पायी निघाली होती. गणनेसाठी वाघाच्या खुणा नोंदवायच्या होत्या. वाघिणीने तिच्यावर झडप घातली, ती गेली. त्याच गणनेचे आकडे आपण पेपरात वाचले : २०२२ साली देशात सरासरी ३,६८२ वाघ, महाराष्ट्रात ४४४. आम्ही इथे व्हॉट्सॲपवर एकमेकांना अभिनंदनाचे अंगठे पाठवले. ताईने तेव्हा फक्त त्या बाईची बातमी परत पाठवली होती.

आमच्या घरी वाघाची भीती कधी फारशी नव्हती, भीती पावसाळ्याची. सिपनेला पूर आला की रस्ता बंद. एका श्रावणात बाबा एका आतल्या कुटीवर हिवतापाने पडले. वायरलेसवर निरोप गेला, पण गाडी येणार कुठून? चार वनमजुरांनी त्यांना बाजेवर घातलं, वर ताडपत्री टाकली आणि चिखलातून खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणलं. त्यातल्या दोघांच्या पायांत रबरी चपला होत्या आणि दोघांच्या पायांत काही नव्हतं. मचाणावरचे काका त्या दुसऱ्या दोघांपैकी. आई अजून त्यांच्या घरी दिवाळीचा डबा धाडते. बाबांना वेळेवर औषध मिळालं म्हणून आमची शिक्षणं झाली आणि आज सित्र्याच्या एसीत बसून आम्ही गप्पा मारतो आहोत. वनमजूर हा तसा नोकरीच्या उतरंडीत सगळ्यात खालचा माणूस. वनरक्षकाला निदान गणवेश असतो.

म्हणून, निधी कशाला द्यायचा हे ठरवताना आम्ही आधी बाबांनाच फोन लावला. ते आता निवृत्त होऊन परतवाड्याला असतात. आमच्या डोक्यात काय काय होतं : ड्रोन, टॅब्लेट, सोलर पॅनल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बूट पाठवा. मच्छरदाण्या पाठवा. पाण्याचा फिल्टर जमला तं पाठवा. अन् बूट नंबर इचारून पाठवा, मागे कोणीतरी सगळ्याईले आठ नंबरचे वाटले होते."

तेव्हा मंडळी, तिकिटाचे पैसे तर आलेच आहेत, त्याशिवाय दाराशी एक डबा ठेवला आहे. जाताना त्यात जे टाकाल त्याचा हिशेब पुढच्या सभेत मिळेल, दिनारात आणि रुपयांतही. बाबांनी सायकलवर आणि फोनवर मिळून चाळीस जणांच्या पायांचे नंबर गोळा केले आहेत. ती यादी आमच्याकडे एक्सेलमध्ये आहे. सदतीस नंबर भरलेले आहेत आणि तीन रकाने मोकळे आहेत, कारण ते तिघं आतल्या कुटीवर आहेत आणि तिथे रेंज नाही. ते खाली उतरले की बाबा कळवतील, मगच आम्ही ऑर्डर देऊ.